नांदुऱ्याचा समुद्र आणि माझी सरकी ढेप

गजाननचा फोन आला तेव्हा मी नाशिकला मुलाच्या घरी मेथी निवडत बसलो होतो. गजानन म्हणजे नांदुऱ्याच्या स्टेशनजवळच्या जुन्या धर्मशाळेचा चौकीदार, माझा शाळेपासूनचा दोस्त. "ये बे लवकर," म्हणे, "तुह्यी अक्षरं खरवडून राह्यले इथं." मेथी तशीच टाकून मी पिशवी भरायला घेतली.

मी कोण, ते आधी सांगतो. मी साइनबोर्ड पेंटर. नांदुरा, पिंपळगाव राजा, पार उंद्रीपर्यंत दुकानांच्या पाट्या तीस-पस्तीस वर्षं मी रंगवल्या. मग आला तो मेला फ्लेक्स आणि माझ्या पाट्या एकेक करून भंगारात गेल्या. उरली एकच, धर्मशाळेच्या आतल्या भिंतीवरची गुरांच्या पेंडीची जाहिरात: 'शुद्ध सरकी ढेप मिळेल'. ती मी सुखासुखी जाऊ देणार होतो होय?

कुणाला जायचं असेल तर नाशिकरोडहून सकाळची गाडी धरा. सगळ्या गाड्या नांदुऱ्याला थांबत नाहीत, तिकीट काढतानाच विचारून घ्या. नाहीतर मलकापूरला उतरून एसटी पकडायची. जायचं तर थंडीत. मे महिन्यात इकडचं ऊन माणसाला भाजून काढतं. भुसावळनंतर डब्यातली बोली बदलली आणि मला घरी आल्यासारखं झालं. समोरच्या बाईंनी कुठं चालले म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आधीच ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे केला.

स्टेशनापासून धर्मशाळा पाच मिनिटांवर आहे. ती कापसाच्या एका व्यापाऱ्याने बांधली. त्याच्या गाठी मुंबईहून जहाजाने जायच्या, म्हणून त्याने ओसरीच्या लांबलचक भिंतीवर समुद्र काढून घेतला. शिडाची जहाजं, दीपस्तंभ, होडी ओढणारी माणसं, सगळं आहे. चितारी कोण होता ते कुणालाच ठाऊक नाही. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी पहिला समुद्र पाहिला तो याच भिंतीवर, आणि त्यातला मी एक. शेजारी जुन्या रंगवलेल्या सूचनाही आहेत: 'प्रवाशांनी तीन दिवसांवर राहू नये', 'भिंतीजवळ चूल मांडू नये'. त्यातला 'ळ' बघा, असा 'ळ' आता कुणाला काढता येत नाही.

आणि या समुद्राच्या बरोब्बर मधोमध माझी ढेप.

भिंतीपाशी मीनलताई काडीला कापूस गुंडाळून एक सूचना साफ करत होत्या. जुनी भित्तिचित्रं वाचवायला त्या मुंबईहून आल्यात. मी भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि सांगितलं की जाहिरातीच्या दोन कडांना त्यांनी रंग काढून पाहिला, पण माझ्या रंगाबरोबर खालचा समुद्रही निघून येतो. म्हणून खरवडणं थांबवलंय.

"तुमची अक्षरं तशीच राहतील, काका," त्या म्हणाल्या.

म्हणजे न भांडताच जिंकलो! गजाननने चौकात मूगभजी खाऊ घातली. पण मी बशी त्याच्याकडेच सरकवली. कडांना समुद्र का निघून येतो, ते एकट्या मला माहीत होतं.

ढेपवाल्याने भिंत रंगवायला सांगितली तेव्हा नाही म्हणायची माझी ऐपत नव्हती. समुद्रावर ब्रश फिरवायची छातीही होईना. मग मी मैद्याची खळ शिजवली, रद्दी वर्तमानपत्रं भिंतीला चिकटवली आणि त्यांच्यावर ऑइलपेंट मारला. ढेपवाल्याला कळू दिलं नाही. कडांपर्यंत येता येता कागद संपले, तिथे रंग थेट भिंतीवर लावला. ताईंनी नेमकं तिथेच तपासलं होतं.

मी गजाननला हे सांगितलं.

"मंग सांगू नको," तो म्हणाला. "तुह्यं एवढंच तं राह्यलं."

मला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर स्वतःचीच लाज वाटली. स्टेशनसमोरच्या लॉजवर पाचशेत खोली मिळते, गरम पाणी बादलीने आणून देतात. सकाळी आंघोळ करून मी सरळ धर्मशाळेत गेलो.

"ताई, मधोमध खाली कागद आहे. वाफ द्या, सुटेल."

त्यांचा विश्वास बसला नाही. तरी त्यांनी एका कोपऱ्याला वाफ दिली, पातळ पातं आत सरकवलं. दुपारपर्यंत 'ढेप' गुंडाळी होऊन खाली आली. मागे वर्तमानपत्र होतं आणि भिंतीवर एक होडी, काल रंगवल्यासारखी निळी. मी रडलो. त्यात लपवायचं काय? अर्धं रडू होडीसाठी होतं, अर्धं ढेपेसाठी.

तिसऱ्या दिवशी मधला सगळा समुद्र मोकळा झाला. राहिला फक्त कडांचा रंग आणि उजव्या कोपऱ्यात पेंटर म्हणून टाकलेलं माझं नाव. ते थेट भिंतीवर होतं, काढलं असतं तर लाटा गेल्या असत्या. म्हणजे आता येणारा जाणारा समजणार की हा समुद्र मी काढलाय. मी म्हटलं, झाका ते. ताई म्हणाल्या, जुन्या चित्रावर नवा रंग लावायचा नाही, हा त्यांच्या कामाचा नियम आहे. मग निदान खाली पाटी तरी लावा, म्हटलं.

"तुम्हीच लिहा, काका."

बाजारातून ब्रश आणि काळा रंग आणला. सवय मोडली होती, पहिली पाटी वाया गेली. दुसरी जमली.

धर्मशाळा सकाळी उघडी असते, तिकीट नाही. भिंतीला हात तेवढा लावू नका.

घरी आल्यावर हिला मोबाइलवर फोटो दाखवला. चष्मा लावून तिने निरखून पाहिलं आणि म्हणाली, पाटी बारकी आहे, पण अक्षर तुमचंच. मग तिने ती मोठ्याने वाचली:

'हा समुद्र माझा नाही. ज्याने काढला त्याचं नाव माहीत नाही. मी तो फक्त झाकला होता.'