धंतोलीतली तोंडी परीक्षा

मी मानसशास्त्राचा निवृत्त मास्तर. स्मरणशक्ती हा माझा हातखंडा विषय. वर्गात मी धान्याच्या कोठीचं उदाहरण द्यायचो: आधी माल आत घ्या, नीट साठवा, लागेल तेव्हा काढा. पोरं माना डोलवायची. आणि आता माझ्याच कोठीला भोक पडलं होतं. दळण गिरणीवर विसरायचो. भाचीच्या साक्षगंधाला आठवडाभर आधीच हॉलवर एकटा पोचलो, परक्यांच्या पंगतीत जेवलो आणि आहेरही देऊन आलो. बुंदी चांगली होती.

हसण्यावारी नेलं, पण आतून टरकलो होतो. माझे वडील शेवटी शेवटी मलाच विचारायचे, "तुमी कोनाचे गा?"

म्हणून भर मे महिन्यात डोक्याकानाला दुपट्टा बांधून, बायकोला स्कूटरवर मागे बसवून धंतोलीत मेंदूच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने शब्द लक्षात ठेवायला लावले, उलटे आकडे म्हणवून घेतले, घड्याळ काढायला सांगितलं. मी सगळं अचूक केलं आणि पहिला नंबर आल्यासारखा बायकोकडे पाहू लागलो.

"छान," डॉक्टरीण म्हणाली. "आता सांगा, येताना रस्त्यात काकू काय बोलल्या?"

"उन्हाचंच काहीतरी..."

बायको पंख्याकडे पाहू लागली.

"कानावर दुपट्टा होता ना," मी सबब पुढे केली.

"मंग दर वेळेस 'हो, बरोबर आहे' काहून म्हनत होते?" बायको म्हणाली.

डॉक्टरीण हसली. "काका, तुम्ही विसरत नाही. तुम्ही लक्षच देत नाही. आत गेलंच नाही, ते बाहेर कुठून येणार?"

माझ्याच पहिल्या तासाचा धडा तिने मला फी घेऊन शिकवला. पण लाज वाटायला सवड कुणाला होती! वडिलांचं दुखणं मला नव्हतं. बाहेर आल्यावर मी नाचायचाच बाकी होतो.

"चल, उसाचा रस पिऊ," मी म्हटलं. ती जागची हलली नाही. तेव्हा कुठे मला विचारायचं सुचलं, "काय म्हनून राहिली होती वं येताना?"

"हेच, का डाव्या हाताले मुंग्या येऊन राहिल्या. परवा कप सुटला हातातून, तुकडे तुमीच तं उचलले. म्हटलं, तुमच्यासंग मलेही दाखवून घेऊ. तुमी म्हनले, हो, बरोबर आहे."

तिचा हात धरून मी पुन्हा आत गेलो. काउंटरवरच्या मुलीने पेशंटचं नाव लिहून घेतलं आणि मला विचारलं, "यांना कधीपासून त्रास आहे?"

मला सांगता आलं नाही.