मी साफ केलेली पहिली आवृत्ती

जुन्या मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती ओळखावी तर मीच, अशी माझी मिजास होती. उल्हासनगरच्या रद्दीवाल्यांच्या गोण्या उपसून कमावलेली अक्कल ती. कुणी विचारो न विचारो, मी पाजळायचो.

अंबरनाथ पश्चिमेला आमच्याच बिल्डिंगमधल्या मावशी एकदा कथासंग्रह घेऊन आल्या. त्यांचे मिस्टर शहाडला कारखान्यात होते, वर्षापूर्वी वारले. दर सहा डिसेंबरला दादरला जायचे आणि पुस्तक घेऊन यायचे, त्यातलंच हे.

"ही पहिली आवृत्ती आहे असं ते सांगायचे. आमच्या बुद्धविहारातले लोक हसायचे. म्हणायचे, किंमत बघा, ही मागाहूनची छपाई. भाऊ, तुम्ही बघून सांगा. रविवारी त्यांचं वर्षाचं पुण्यानुमोदन आहे. त्यांचं खरं होतं का, एवढंच मला कळू दे."

छपाईचा तपशील असतो त्या पानावर किमतीची चिठ्ठी डकवलेली होती. शिल्लक प्रतींवर प्रकाशक वाढीव किंमत अशी चिकटवतात, हे हसणाऱ्यांना काय ठाऊक! ओल्या कापसानं चिठ्ठी अलगद सोडवली. खाली जुनी किंमत आणि 'प्रथमावृत्ती'. माणूस खरं बोलत होता! मी घरात एकट्यानंच टाळी वाजवली.

तिथंच थांबायचं ना! पण अंगात किडे. पानोपानी शब्दांखाली पेन्सिलीच्या फिकट रेघा होत्या, आणि संग्राहकाला प्रत कोरी लागते. दोन दिवस बसून मऊ रबरानं एकूण एक रेघ पुसली. मागमूस ठेवला नाही. मावशी खूश होतील, असं वाटलं मला गाढवाला.

शनिवारी त्यांच्या घरी गेलो. "मिस्टरांचं खरं होतं, मावशी!"

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग पुस्तक उघडलं. पानं उलटली, परत मागं आल्या. "भाऊ, पुस्तक बदललं का?"

"नाही हो, तेच. जरा साफ केलं."

"साफ?" त्या खाली बसल्या. "ते शाळेत गेलेच नव्हते. लग्नानंतर मी वाचायला शिकवलं. अडले की शब्दाखाली रेघ मारून ठेवायचे, कामावरून आले की मला विचारायचे."

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी माफी मागितली, ती मलाच खोटी वाटली. चार शिव्या दिल्या असत्या तरी सोसल्या असत्या. त्यांनी मला पाणी आणून दिलं.

मग खिडकीशी जाऊन त्यांनी पान तिरपं धरलं. "पुसलं तरी कागदावर ठसा राहतो ना, भाऊ?"

"राहतो," मी म्हणालो, आणि मावशी चष्मा आणायला आत गेल्या.