झिऱ्यातले भाऊबंद

उंद्रीच्या कलाबाईची बकरी मेली, तेव्हा गुरांच्या डॉक्टर प्राचीबाईंनी तिची कलेजी चिरून दाखवली. आत पानासारखे चपटे किडे. "पाण्यातून येतो हा किडा," एवढंच कलाबाईच्या ध्यानात राहिलं. मागं उरलं त्या बकरीचं पिल्लू, मैना. लेकी नांदायला गेलेल्या, नवरा देवाघरी. कलाबाईनं मैनेला बाटलीनं दूध पाजून जगवलं. रात्री मैना तिच्याच पायाशी निजायची.

नदीच्या वाळूत कलाबाईनं हातानं उकरलेला एक झिरा होता. पाणी गार, नितळ. एकदा तिनं त्यातला दगड उलथला अन् अंगावर काटाच आला. खाली नखाएवढे चपटे किडे सरपटत होते. एकाचे तिनं विळ्यानं दोन तुकडे केले, वाटीत ठेवले. काही दिवसांनी पाहते तर दोन्ही तुकडे धडधाकट!

"माय वो! मारला त एकाचे दोन झाले."

तिनं झिरा दगडांनी बुजवला. मैनेला रोज लांबच्या तळ्यावर नेऊ लागली. तिथं काठाला लुसलुशीत गवत.

शेजारचा दयाराम हसला, "काऊन वो काकू, घराजोळचं पाणी सोडून बकरीले सासरी धाडून राह्यली का?"

"हास तू. माही मैना जगली म्हंजे झालं."

दिवाळीनंतर मैनेच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. प्राचीबाईंनी पापणी उलटी करून पाहिली. पांढरीफटक. औषध पाजलं, पण नजर चुकवली.

"मॅडम, झिरा त म्या कवाच बुजवला. मंग किडे आले कुठून?"

कलाबाईनं सगळं सांगितलं. प्राचीबाई बोलल्या, "मावशी, झिऱ्यातला तो याचा भाऊबंद. पण तो कुणाच्या पोटात शिरत नाही. पाणी चांगलं असलं तरच टिकतो. हा कलेजीतला गोगलगाईतून निघतो अन् तळ्याकाठच्या गवताला चिकटतो. मीच तेव्हा नीट सांगायला पाहिजे होतं."

"म्हंजे म्याच चारला तिले."



कलाबाई उठली, नदीत गेली. झिऱ्यातला एकेक दगड काढला. गढूळ पाणी निवळेपर्यंत बसून राहिली. शेवटच्या दगडाखाली एक किडा अजून जिता होता. तो दगड तिनं हळूच होता तसा ठेवला.

लोटाभर पाणी आणून तिनं मैनेचे ओठ ओले केले. "पी वो माय, चांगलं पाणी हाय."

पाणी मिटल्या ओठांवरून तिच्या अंगाखालच्या वाळलेल्या गवतात ओघळलं.