तेंदूच्या हंगामात त्रिकोणमिती

हेमराज सरांना सुट्टीत बसवत नाही. बारावीत कॅल्क्युलस सुरू होण्याआधी पोरांची त्रिकोणमिती पक्की व्हावी, म्हणून त्यांनी आंबागडला उन्हाळी वर्ग काढला. ऊन टाळायला पहाटेची वेळ ठेवली, तर कुणीच आलं नाही. सर पडले तालुक्याच्या गावचे, तुमसरचे. मे महिन्यात पहाटे अख्खं गाव बिडीसाठीची तेंदूपानं तोडायला जंगलात असतं, हे त्यांना कोण सांगणार? दुपारी पुडे बांधायचे, संध्याकाळी विकायला न्यायचे. वेळापत्रक खोडून खोडून सर वैतागले आणि भरदुपारी विद्यार्थिनी तेजस्विनीच्या ओसरीत येरझारा घालतच शिकवू लागले. तिच्या आईनं, शेवंताबाईनं, पानांचा ढीग त्यांच्यापुढे सरकवला.

"बसा गुरुजी. तोंडानं शिकवा ना, हात कायले रिकामे ठेवता?"