वापरात नसलेली मोटार

नोकरीसाठी मी भिंगार सोडून नागपूरला निघणार होते, त्याच दिवशी आई गेली.

ट्रंक ओसरीवर आणून ठेवली होती. दुपारची जेवणं झाली आणि आईच्या छातीत कळ आली. फाटकाच्या आत बाबांची जुनी विलायती मोटार उभी होती. छावणीतला गोरा साहेब मायदेशी परतताना त्याच्याकडून बाबांनी ती हौसेने घेतली होती. तिच्यासारखी दुसरी आख्ख्या जिल्ह्यात नव्हती. मोटारीचा कर वजनावर, आणि ही तर भलतीच जड. दुष्काळात तो कर झेपेना, तेव्हा बाबांनी कचेरीत लिहून दिलं : गाडी वापरात नाही, रस्त्यावर आणणार नाही. तेवढ्यापुरता कर माफ. रस्त्यावर दिसली तर जप्त. तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरने टायरवरून खालच्या फरशीपर्यंत खडूची रेघ ओढली होती, हलली तर कळावी म्हणून.

तरी बाबा दर रविवारी चर्चमधल्या उपासनेहून आले की जागच्या जागी इंजिन चालू करून बसत. शेजारच्या साळूबाई हसत. "भास्करराव, मोटार हाय का देव बसवलाय? हलतच न्हाई!"

त्या दुपारी बाबांनी चावी घेतली. आईने दाराची चौकट धरली.

"अहो, सही केलीय तुम्ही. खोटे पडाल. टांगा आणा."

"बाबा, काढा मोटार!" मी ओरडले.

"वैनी, बसा की गाडीत," साळूबाई म्हणाल्या, "सायेब काय खातुय व्हय? हितं जीव चाललाय!"

आई चौकट सोडेना. बाबा जन्मभर तिचं ऐकत आले होते, तेव्हाही ऐकलं. ते टांग्यासाठी धावले. चाऱ्यावाचून लोकांनी घोडी विकली होती. बाजारात एकच टांगा मिळाला, तोही उशिरा. मिशनचा दवाखाना समोर दिसत असताना आईचा हात माझ्या हातात सैल पडला.

त्यानंतर महिन्याभराने मी नागपूरला आले. इथे लोक 'करून राहिले' म्हणतात, उन्हाळ्यात दारांना वाळ्याचे पडदे लावतात. कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांना नंबर घालताना मला बरं वाटतं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला की मात्र हात थांबतो.

पहिल्या सुट्टीत घरी गेले, तर बाबांनी मोटारीचा वर्षाचा कर भरलेला. मोटार जागेवरच, रेघही तशीच.

"चालवायची नाही, तर भरलात कशाला?"

"कुणाला लागली तर निघता यावं."

मग गल्लीतल्या बाळंतिणी तिच्यातून दवाखान्यात गेल्या, विंचू चावलेली पोरं गेली. स्वतःच्या कामाला बाबांनी ती कधीच काढली नाही.

गेल्या वर्षी बाबाही गेले. जुन्या मोटारींचा एक शौकीन पुण्याहून येऊन तिच्याभोवती फेऱ्या मारून गेला. साळूबाई म्हणाल्या, "पोरी, घर इक. गाडी ऱ्हाऊ दे. माझा थोरला चालवंल."

घर विकलं. मोटार साळूबाईंच्या अंगणात आहे. तिचा कर मी नागपूरहून भरते.