वैदेहीच्या नावानं भरलेली ओटी

माझी लेक अश्विनी टीव्हीवरच्या एका मालिकेत धाकटी सून होती, वैदेही नावाची. संध्याकाळ झाली की अकोल्याच्या आमच्या कॉलनीत घराघरांतून तिचा आवाज यायचा. बाकीच्या बायका गोष्ट बघायच्या, मी तिचे गाल बघायची. गोळ्यांनी सूज चढली का, मेकअपखालून लाल चट्टा दिसतो का, चहाचा कप दोन्ही हातांनी धरला का. गोष्टीत काय घडलं ते मला शेजारच्या शोभाताईंना विचारावं लागे. त्या म्हणायच्या, "कशी आई हो तुमी! पोरीची शिरेल पाहता का झोपा काढता?"

अश्विनीला ल्युपस आहे. अमरावतीला कॉलेजात नाटकं करत होती तेव्हा सांधे धरायला लागले, ताप हटेना. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की यात शरीर स्वतःलाच परकं समजतं आणि स्वतःशीच भांडतं. बरा होत नाही, सांभाळावा लागतो. मुंबईला निघताना तिनं माझ्याकडून शपथ घेतली. "कोणालेच सांगू नको, आई. आजारी पोरीले कामावर कोण घेते?" आता मी पोटात गोष्ट न टिकणारी बाई. कुणाच्या लग्नात वरण करपलं तर ते मी तीन वर्षं सांगत फिरते. पण ही एवढी एक गोष्ट चार वर्षं सांभाळली. अश्विनीचे बाबा गेल्यानंतर घरात ऐकायला कोणी नव्हतंच, त्यामुळे तसं सोपंही गेलं. देवाशीही बोलणं सोडलं होतं. मी रुसले आहे असं स्वतःला सांगायची. खरं म्हणजे भीती होती. मागितलं आणि मिळालं नाही, तर मग कुठं जायचं?

मागच्या वर्षी तिचा फोन आला. किडनीला सूज आली होती, दवाखान्यात भरती झाली होती. "तू येऊ नको. आलीस की रडशील, अन् युनिटमध्ये साऱ्यायले कळंल. मी कावीळ म्हणून सांगितलं." मी बरं म्हटलं. मग दोन दिवस भाजी चिरत बसले आणि न शिजवता टाकून दिली.

इकडे मालिकावाल्यांनी वैदेहीला जिन्यावरून पाडलं आणि तोंडाला पट्ट्या गुंडाळून बेशुद्ध ठेवलं. पलंगावर निजवलेली ती आमची नव्हतीच, दुसरीच कुणी होती. पायाच्या बोटांवरून मी ओळखलं. कॉलनीला काही पत्ता नाही. शोभाताई तर पेटल्याच. "काहून मारून राहिले हो त्या गरीब पोरीले? सासूले पाडा म्हणा जिन्यावरून!" आणि ठरलं की कौंडण्यपूरला जाऊन रुक्मिणीची ओटी भरायची. "ते आपल्या वऱ्हाडची लेक, लांब सासरी गेलेली," शोभाताई म्हणाल्या. "लेकीचं दुखणं तिले नाही समजणार तं कोणाले समजंल?" अर्धी गंमत, अर्धं खरं. सात जणी भाड्याच्या गाडीत बसलो. मला मधल्या सीटवर मानानं बसवलं, कारण मी वैदेहीची आई. वाटभर त्या हसत होत्या. मीही हसत होते. इतकं एकटं मला रिकाम्या घरातसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

विधवा झाल्यापासून ओटीच्या वेळी मी मागे खांबाशी उभी राहते. कोणी सांगत नाही, माझी मीच. शोभाताईंनी खण-नारळ पुढे केला. म्हाताऱ्या पुजारीबुवांनी हातावर पाणी घेतलं. "कोणासाठी? नाव, गोत्र सांगा."

"वैदेही," शोभाताई म्हणाल्या.

"गोत्र?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "ते काई शिरेलीत दाखवलं नाही," एक जण म्हणाली आणि हशा पिकला. बुवांना काही उमगेना. "माहीत नसंल तं काश्यप म्हणू," ते शांतपणे म्हणाले. "पण पोरगी आहे कुठं?"

"मुंबईत, दवाखान्यात," मी खांबापासून म्हटलं. "अश्विनी नाव आहे. माझी लेक आहे. चार वर्षांपासून आजारी आहे."

मी हे ठरवलं नव्हतं. शपथ मोडायची तर मुळीच नव्हती. ते माझ्याकडून कुणी वदवून घेतलं यावर मी वाद घालत नाही. तोंड माझं होतं, एवढं खरं.

हसणं थांबलं. शोभाताई मागे आल्या, मला मनगटाला धरून पुढे नेलं आणि माझ्या ओंजळीत तांदूळ घातले. "अहो, मी कशी..." मी म्हणायला लागले.

"चुप बसा. आई आहे ना तुमी?" मग बुवांकडे वळून म्हणाल्या, "महाराज, दोनी नावं घ्या. एक आलं म्हणून दुसरं टाकू नका."

ओटी भरताना अर्धे तांदूळ मी खालीच सांडले. चार वर्षांचं मागणं साठलं होतं, पण त्या घडीला एकही शब्द सुचला नाही. फक्त तिचं नाव घेत राहिले. परतताना गाडी बडनेरा स्टेशनात वळली. "आता घरी जाऊन काय टीव्ही पाहता?" असं म्हणून शोभाताईंनी आपला डबा आणि अंगावरची शाल देऊन मला मुंबईच्या गाडीत चढवलं.

दवाखान्यात खोलीच्या दारात मला बघून अश्विनीनं पहिलं विचारलं, "कोणाले कोणाले सांगितलं?"

"साऱ्यायले."

तिनं भिंतीकडे तोंड केलं. मी स्टुलावर बसून राहिले. मग तशीच पाठमोरी राहून तिनं विचारलं, "शोभाकाकू काय म्हणे?" मी सगळं सांगितलं. गोत्राचं ऐकून तिचे खांदे हलायला लागले. हसते की रडते ते मला कळलं नाही. बहुतेक तिलाही नसावं. दुपारी तिनंच दिग्दर्शकाला फोन लावून आपला आजार सांगितला.

महिनाभरात वैदेही शुद्धीवर आली. पट्ट्या सुटल्या, तर आत नवीच मुलगी. अश्विनीची भूमिका गेली, पण किडनीची सूज उतरत गेली. आता ती काम मागतानाच दुखणं सांगते. कुणी घेतं, कुणी घेत नाही. ती मुंबईतच आहे, मी अकोल्यात. घर तेवढंच रिकामं आहे.

मला वाटायचं, मी लपवतेय म्हणून लेक सांभाळली जातेय. सांभाळणारं दुसरंच कुणी आहे, आणि ते माझ्या तोंड उघडण्याची वाट बघत होतं, हे कळायला मला फार उशीर लागला. आता संध्याकाळी दिवा लावते. काय मागावं ते अजूनही सुचत नाही. रुक्मिणीला लेकीचं नाव सांगते आणि उठून कुकर लावते.