सुमनच्या पोटात माझं काही नव्हतं

सुमन गेली तेव्हा मी सदर बाजारात तिच्याच चष्म्याची दांडी बसवून घेत होतो. दुकानदारानं काच पुसून चष्मा माझ्या हातात दिला, आन् तितक्यात शेजारच्या सुखवंतीनचा फोन आला. "भैया, जल्दी आ... दीदी ह चल दिस." मी घरी पोचलो तं सुमन पलंगावर आडवी, आन् तिचा हात सुखवंतीनच्या हातात. हृदय थांबलं, दोन मिनिटांत गेली, असं डॉक्टर म्हणाले. लोक म्हणतात अशा वेळी माणसाले आधी रडू येते. मले आधी आला तो विचार सांगतो, लाज वाटली तरी सांगतो. मनात आलं, शेवटचा हातही याच बाईच्या वाट्याले गेला! सव्वा महिना झाला, तो विचार अजून जात नाही. म्हणून लिहून राहिलो. मी सातवी शिकलेला माणूस, अडतीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात वॅगनी दुरुस्त केल्या. गोड गोड लिहिणं मले जमत नाही.

सुमन आर्वीची. लग्न होऊन रायपुरात आली तेव्हा तिले ना इथली बोली येत होती ना इथलं खाणं रुचत होतं. मी ड्युटीवर गेलो की दिवसभर भिंतीकडे पाहत बसायची. मग काही वर्षांनी शेजारच्या घरात सुखवंतीन सून म्हणून आली, इथल्याच अभनपुरकडची, सुमनहून बरीच लहान. दोन अंगणांच्या मधात कंबरेएवढी भिंत. त्या भिंतीच्या अल्याड-पल्याड बसून दोघींनी जन्म काढला म्हणा ना. शहर राजधानी झालं, रस्ते रुंद झाले, उरल्याच्या कारखान्यांचा धूर आमच्या वाळत्या कपड्यांवर येऊ लागला, पण ती भिंत तेवढीच राहिली आन् त्यांच्या गप्पाही. मी अंगणात पाय ठेवला की दोघी गप. "कोणाची चुगली चालू आहे?" मी विचारायचो. सुमन म्हणायची, "तुम्ही आपल्या वॅगनी सांभाळा." आन् मग दोघी पदरात तोंड खुपसून हसायच्या. माझ्यापाशी ती तशी कधी हसली नाही. मी मारकुटा नव्हतो, दारुडा नव्हतो, पगार पुरा हातात देत होतो... पण ते हसू भिंतीपाशीच राहायचं.

सुखवंतीननं तिले बासी खायची सवय लावली. रात्रीचा भात पाण्यात बुडवून ठेवायचा आन् सकाळी मीठ, कांदा लावून खायचा, ही इथली न्याहारी. मले ते पाहूनच राग यायचा. "तुले घरात ताजं मिळत नाही काय? काहून शिळं खाते?" असं मी म्हटलं की ती वाटी घेऊन भिंतीपाशी जायची. मी एक दिवस तोंडाले लावून पाहिलं नाही.

माझी सवय दुसरी होती. रेल्वेच्या दवाखान्यात औषध फुकट, रिटायर झाल्यावरही फुकट. मी खोकला नसला तरी खोकल्याचं घेऊन यायचो. डॉक्टर पाच दिवसांच्या कॅपसुला द्यायचा. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या मी बिस्किटाच्या डब्यात ठेवायचो, पुढच्या वेळेसाठी. आमच्या वर्कशॉपातले सगळेच असं करत. त्याले आम्ही शहाणपणा समजायचो. सुमनले सर्दी झाली, दे डब्यातून. गळू आलं, दे डब्यातून. पोट बिघडलं, दे. ती म्हणायची, "अहो, विचारून तं या कोणाले." मी म्हणायचो, "इतकी वर्षं पाहून राहिलो, मले विचारायची गरज नाही." बायकोची काळजी घेणारा नवरा म्हणून माझी छाती फुगत होती.

मग तिचं पोट जे सुटलं ते बंदच होईना. दिवसातून दहा-दहा, बारा-बारा वेळा. अंगावरचं मांस गेलं, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. दवाखान्यात औषध दिलं की आठ दिवस बरं, मग पुन्हा तेच. तीनदा असं झालं. शेवटी नव्या रायपुरकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथली डॉक्टर तरुण पोरगी, माझ्या मुलीपेक्षाही लहान, पण बोलणं सरळ. तिनं मले खुर्चीवर बसवून समजावलं. आपल्या आतड्यात, आपल्या चामडीवर करोडो बारीक जीव राहतात. डोळ्याले दिसत नाहीत. काही अन्न पचवायले मदत करतात, काही बाहेरच्या दुष्ट जीवांना पाय टेकू देत नाहीत. मी म्हटलं, "म्हणजे घाण." ती म्हणाली, "घाण नहीं बाबा, बस्ती है. बस्ती उजड़ जाए तो खाली घर में चोर घुसता है." कॅपसुला दुष्टांना मारतात तसे चांगल्यांनाही मारतात. जिथं गरज आहे तिथं त्या जीव वाचवतात, पण उगाच आन् अर्धवट खाल्ल्या तं वस्ती उजाड होते. सुमनच्या पोटात एकच खराब जात माजली होती. मी विचारलं, "मतलब मैंने किया?" तिनं माझ्याकडे पाहिलं आन् म्हणाली, "बाबा, एक ही कारण नहीं होता. उमर भी है, बीमारी भी है." मले ते नाही म्हटल्यासारखं वाटलं नाही.

उपाय ऐकून तं मी उठूनच उभा राहिलो. चांगल्या निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची, साफ करून, तपासून, नळीनं रोग्याच्या आतड्यात सोडायची. म्हणजे वस्तीच नवी बसवायची. मी पुन्हा खुर्चीवर बसलो आन् म्हटलं, "मेरा ले लो." खरं सांगतो, त्या क्षणी मले आनंद झाला. माझ्या हातानं झालं असन तं माझ्याच अंगातून भरपाई होईन, असं वाटलं. डॉक्टरीणनं फॉर्म काढला. वय? ऐकूनच तिचं पेन थांबलं. मग विचारलं, गेल्या काही महिन्यांत कॅपसुला खाल्ल्या काय? मी ठोकून दिलं, नाही. सुमन पलंगावरून क्षीण आवाजात बोलली, "अहो, दाढ दुखली तेव्हा...?" फॉर्म बंद झाला. मुलगी परदेशात. आता कोण?

डॉक्टरीण आन् मी बाहेर व्हरांड्यात आलो, तिथं सुखवंतीन जेवणाचा डबा घेऊन उभी होती. डॉक्टरीणनं तिले सहज विचारलं, दवाई कब खाई थी? ती म्हणाली, "मैं? सुरता नइ हे, डाक्टरीन." तिले आठवतच नव्हतं! रक्त तपासलं, बाकी सगळं तपासलं, आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट आले. सगळे साफ. मी डॉक्टरीणले विचारलं, बासीनं असं होते काय? ती म्हणाली, "ये मैं नहीं कह सकती बाबा." मी मात्र घरी येऊन दोन दिवस जेवलो नाही.

ज्या दिवशी द्यायचं होतं त्या दिवशी सुखवंतीननं सकाळीच हॉस्पिटलच्या झाकणाच्या डब्यात दिलं, वर फडकं बांधलं. लवकर पोचवायचं होतं. ऑटोत तिनं तो डबा धरला तं मी म्हटलं, "इकडे दे, मी धरतो." नव्या रायपुरच्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यानं मी तो डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. ऑटोवाला आरशातून म्हणाला, "बाबूजी, टिफिन बहुत संभाल के पकड़े हो!" सुखवंतीन हसून हसून वाकडी झाली. मले हसू आलं नाही. मी मनात म्हणत होतो, याच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही?

तिसऱ्या दिवशी सुमन उठून बसली. पोट शांत. तिनं आपलं पोट हातानं चाचपलं आन् लाजत विचारलं, "कोणाचं दिलं हो?" डॉक्टरीण बाहेर होती. सुखवंतीन दाराशी. मी म्हटलं, "माझं." शब्द तोंडातून निघून गेला. "पण ते म्हणाले ना की तुमचं चालत नाही?" मी म्हटलं, "पुन्हा तपासलं. चाललं." दाराशी सुखवंतीननं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मले वाटलं, आता बोलते. पण ती तशीच मागं फिरून पाणी आणायले गेली.

त्यानंतर दोन वर्षं सुमन जगली. आन् ती दोन वर्षं... काय सांगू? ज्या बाईनं इतक्या संसारात माझी एक तारीफ केली नव्हती ती पाहुण्यांसमोर म्हणायची, "यांनी मले आपल्या अंगातलं दिलं, म्हणून मी बसली आहे." पहिली भाकर मले वाढायची. संध्याकाळी माझ्या पायांना तेल लावायची. एक दिवस म्हणाली, "रागीट लोकांचं पोट आतून चांगलं असते वाटते." आन् हसली. तेच हसू, भिंतीपाशीचं. मी तिथंच सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही. पण ते हसू मले इतक्या वर्षांनी मिळालं होतं, मी ते सोडलं नाही. एकदा डॉक्टरीणले मी एकटा असताना विचारलं, माझं तिच्या अंगात काहीच नाही काय? ती म्हणाली, एका घरात, एका बिछान्यात राहणाऱ्यांच्या चामडीवरची वस्ती बरीच सारखी होते. मी ते धरून बसलो. चामडी माझी, पोट त्या बाईचं... असे मी बायकोचे वाटे करत होतो!

तेरवीले सगळे नातेवाईक म्हणाले, तुम्ही तिले दोन वर्षं दिली. मी मान हलवली. सुखवंतीन अंगणात भांडी घासत होती, तिनं मान वर केली नाही. लोक गेल्यावर मी भिंतीपाशी गेलो आन् विचारलं, "तुनं तिले सांगितलं होतं काय? खरं सांग." मले वाटत होतं ती हव म्हणन. सुमनले माहीत असून तिनं मले ते सगळं दिलं, असं ऐकायची मले हाव होती. सुखवंतीन म्हणाली, "नइ बताएंव भैया. तोर मुंह के बात ला मैं काबर काटतेंव?" तुमच्या तोंडची गोष्ट मी काहून खोडू, म्हणाली. म्हणजे सुमन ते न कळताच गेली. ती पहिली भाकर, ते तेल, ते हसू सुखवंतीनचं होतं. पत्ता चुकून माझ्याकडे आलं होतं. आन् ते पाहत ती बाई दोन वर्षं भिंतीपलीकडे गप राहिली. या गप राहण्याचा मले सगळ्यात जास्त राग आहे. मले एवढं जमलं नसतं.

म्हणून हे मासिकात छापायले देण्याआधी मी काल सकाळी तिले वाचून दाखवलं. तिले मराठी समजते, वाचता येत नाही. ती पायरीवर बासीची वाटी घेऊन बसली होती. सगळं ऐकलं. माझ्या खोट्याचं आलं तेव्हा खाली पाहत राहिली. डब्याचं आलं तेव्हा हसली, मग रडली. मी म्हटलं, "आता सगळ्या नातेवाईकांना कळन. तुले चालते काय?" ती म्हणाली, "चलही." मग मले वरपासून खालपर्यंत पाहिलं, "कुछु खाए हस?" आन् उत्तराची वाट न पाहता आत जाऊन दुसरी वाटी घेऊन आली. भात, आंबूस पाणी, मीठ, फोडलेला कांदा. मी तिच्या बाजूला पायरीवर बसलो. तिनं हिरव्या मिरच्यांची थाळी माझ्याकडे सरकवली आन् म्हणाली, "दीदी ह दू ठन खावय."

आमच्या घरात सुमन तिखटाले हात लावत नव्हती. ती इथं रोज सकाळी दोन मिरच्या खायची, हे मले काल कळलं.

मी तीन घेतल्या.